आधी दिवा, मग बातमी

माणूस दिसण्याआधी तिचा आवाज कानावर आला होता. पंचवीस वर्षं उलटली तरी अरुणाची आठवण झाली की निशिकांतला आधी आवाजच आठवे, चेहरा मागून येई.

कऱ्हाडच्या मंगल कार्यालयात, लग्नाच्या आदल्या दिवशी, तो एक ट्रंक पोचवायला गेला होता. ट्रंक दुसरं कुणीही पोचवू शकलं असतं. मागच्या अंगणात बायका हळद दळत होत्या, आणि जात्याच्या घरघरीवर एक कोवळा आवाज ओवीची पहिली ओळ टाकत होता:

हळदीचा गं डाग, माझ्या पदरी राहू दे

दुसरा आवाज जरा खरबरीत, हसू गालात दाबून ठेवल्यासारखा. तो ती ओळ वरच्यावर झेलून पुरी करी:

जाणाऱ्या गं भईणीला, डोळा भरून पाहू दे

पहिला आवाज सुनेत्राचा, उद्याच्या नवरीचा. दुसरा तिच्या थोरल्या बहिणीचा, अरुणाचा. निशिकांत खांबाआड थांबला तो थांबलाच. शेवटी त्या खरबरीत आवाजाने दळण न थांबवता सगळ्यांना सांगितलं की नवरदेव चोरून ऐकतायत, आणि चोरून ऐकणाऱ्याला आमच्याकडे दळावं लागतं. त्याला खरंच जात्यापाशी बसवलं. दुसऱ्या दिवशी अंतरपाटाशी उभं राहताना त्याची बोटं पिवळीधमक होती, आणि त्यानंतर अरुणा त्याला कायम ‘दळणवाले निशिकांतराव’ म्हणत आली.

दोघी बहिणींचं ठरलेलं होतं. पहिली ओळ सुनेत्राची, दुसरी अरुणाची. सुनेत्राला पहिली ओळ कशावरही सुचे: कढीला आलेल्या उकळीवर, दोरीवरच्या ओल्या साडीवर. दुसरी मात्र तिला कधी जमली नाही. अरुणाला ती आयत्या वेळी सुचायची आणि दर वेळी नवी असायची. तू दार उघडून पळतेस, आत जाऊन घर मलाच लावावं लागतं, असं ती धाकटीला चिडवी. पाठवणीच्या वेळी बाकीच्यांनी भांडीकुंडी दिली; अरुणाने दिलं एक छोटं जातं, परातीत मावेल एवढं. निशिकांतला सिंगापुरात नोकरी लागली तेव्हा ते जातंही विमानाने आलं. तिथल्या चांगी विमानतळावरच्या तपासनिसाने ते दोन दगड उलटेपालटे करून पाहिले आणि हे कशाला, असं विचारलं. गाणं म्हणायला, असं सुनेत्राने इंग्रजीत सांगितल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

सेंगकांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते जातं बॉम्ब शेल्टरमध्ये होतं. तिथल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये अशी एक जाड भिंतींची, बिनखिडकीची, लोखंडी दाराची खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत; लोक तिथे सुटकेसा, तांदळाच्या गोण्या आणि नको असलेल्या वस्तू ठेवतात. दार इतकं जड की ते पूर्ण लावायचा कुणाला उत्साह नसतो. सुनेत्राकडे ते कायम अर्धंच उघडं असे.

दोन हजार पंधरा सालच्या ऑक्टोबरात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, त्यांनी अमेरिकेच्या वाळवंटातून आरव्हीने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरायचं ठरवलं. कल्पना त्यांच्या मुलीची, गार्गीची. ती मेलबर्नला शिकत होती आणि आईबाबांनी एकदा तरी टूर कंपनीच्या झेंड्यामागे न जाता फिरावं, असं तिला फार वाटे. पैसे भरून झाले आणि पुण्याहून कळलं की अरुणाच्या पोटात गाठ आहे, ऑपरेशन करायचंय. सुनेत्राने बेत रद्द करायला घेतला. अरुणाने फोनवर तिची खरडपट्टी काढली. तू येईपर्यंत मी कुठे जात नाही, म्हणाली. वाळवंटात काय दिसतं ते मला ओवीत सांग, दुसरी ओळ मी तयार ठेवते.

मग तिने फोन निशिकांतकडे द्यायला लावला आणि त्याला बाल्कनीत जायला सांगितलं.

“हे बघा, दळणवाले,” ती म्हणाली. “माझं काही बरंवाईट झालं तर तिला वाटेत सांगायचं नाही. आमच्या आईचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. आधी दिवा, मग बातमी.”

नियम त्याला ठाऊक होता. प्रवासाहून आलेलं माणूस आधी हातपाय धुणार, देवापाशी दिवा लावणार, आणि मगच त्याला घरातली बरीवाईट बातमी सांगायची. सुनेत्राने हा नियम सिंगापुरातही मोडला नव्हता. ऑफिसच्या दौऱ्यावरून तो आला की समई लागेपर्यंत ती गॅसचं बिल किती आलं हेही सांगत नसे. त्याने हो म्हटलं. काही होत नाही हो, असंही म्हटलं. पलीकडून तेच गालात दाबलेलं हसू आलं.

लास व्हेगासहून त्यांनी गाडी घेतली. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे ओटा, फ्रिज, पलंग, आणि कपाटाएवढी न्हाणी. निशिकांत सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळायचा. त्याने या गाडीचाही प्रकल्प करून टाकला. दारापाशी एक पट्टी होती, तिच्यावरचे दिवे टाकीत पाणी किती उरलं ते दाखवत. शेवटचा दिवा लाल. सुनेत्राने पहिल्याच मुक्कामात केस धुतले तेव्हा त्याने तिला ऐकवलं की ही टाकी आहे, कोयना धरण नव्हे. तेव्हापासून ती भांडी पुसून घेई आणि त्याने नळ सोडला की पट्टीकडे बोट दाखवून म्हणे, कोयना, कोयना.

रस्ता सरळ, इतका सरळ की वळण आलं तर पाहुणा आल्यासारखं वाटे. दोन्ही बाजूंना तांबडी माती, तांबडे कडे, आणि आभाळ असं कोरडं निळं की बोट लावलं तर खरवडून निघेल. ओठ फुटले. बोलणं कमी झालं. सिंगापुरात कान सतत भरलेले असतात, एसीने, लिफ्टने, खालच्या मजल्यावरच्या टीव्हीने. इथे गाडी बंद केली की शांतता उठून जवळ येऊन बसे. संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की सुनेत्रा कड्याकडे तोंड करून ओवीची पहिली ओळ म्हणायची. कडा शेवटचे दोन शब्द परत करायचा. आमच्या ताईला विचार, याला जमत नाही, असं ती कड्याला बजावायची आणि हसायची.

फोन एकच चालू होता, निशिकांतचा. अमेरिकेचं सिमकार्ड त्याच्यातच होतं. सुनेत्राचा फोन पर्समध्ये बंद पडून होता. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

त्या दुपारी ते एका उजाड तळावर थांबले. रेंज नव्हती म्हणून निशिकांत मागच्या टेकाडावर चढला. वर फोन थरथरला. अरुणाच्या नवऱ्याचा, शिरीषचा फोन होता. तुटत तुटत येणाऱ्या वाक्यांमधून निशिकांतला एवढं कळलं की ऑपरेशन झालं, मग ताप चढला, आणि पहाटे सगळं संपलं. सुनेत्राला सांगू नका, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती, हेही शिरीषने सांगितलं. मग फोन तुटला आणि टेकाडावर परत ती शांतता येऊन बसली.

तो खाली आला. सुनेत्रा गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर मटार सोलत होती. तिच्याकडे न बघता तो आत गेला, न्हाणीचं दार लावलं, आणि डोक्यावरून पाणी घेतलं. घेतच राहिला. आपण काय करतो आहोत याचा त्याने विचारही केला नव्हता. त्याच्या घरात असं ऐकलं की माणसं तशीच उठून मोरीत जात आणि अंगावरून पाणी घेत, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक होतं. बाहेर आला तेव्हा पट्टीवर लाल दिवा लागला होता.

डोक्यात फार माती गेली, असं तो म्हणाला. सुनेत्रा दारात उभी होती. तिने लाल दिव्याकडे पाहिलं, त्याच्या निथळणाऱ्या केसांकडे पाहिलं, आणि टॉवेल पुढे केला. कोयना म्हणून चिडवलं नाही.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी कड्याकडे तोंड करून उभी राहिली. निशिकांतला वाटलं, आज ती गाणार नाही. ती गायली.

वाट गेली गं दूर, तांबड्या डोंगरापल्याड

कड्याने ‘पल्याड’ परत केलं. मग जरा वेळ गेला. वारा नव्हता, झाडाचं पान हलावं तर झाडच नव्हतं. आणि त्या शांततेच्या फटीतून, दगडाच्या पोटातून यावा तसा, खरबरीत, हसू दाबलेला आवाज आला:

उभी तुझी भईण, अर्ध्या दाराच्या गं आड

निशिकांतच्या हातातला कप तिथेच थांबला. सुनेत्रा वळली नाही. तिच्या मानेवरचे बारीक केस उभे राहिलेले त्याला मावळतीच्या उजेडात दिसले.

“ऐकलंत?” तिने विचारलं.

“वारा असेल,” तो म्हणाला.

ती हो म्हणाली.

त्यानंतर रोज. ते पुढे जात राहिले, मुक्काम बदलत राहिले, आणि तिन्हीसांजेला सुनेत्रा पहिली ओळ म्हणायची आणि कुठून तरी दुसरी यायची. कधी कोरड्या नदीच्या पात्रातून, एकदा बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या शेडमधून. त्या ओळी सुनेत्राच्या नव्हत्या, हे त्याला कळत होतं. तिला जन्मात त्या जमल्या नसत्या. त्याला भीती वाटे आणि त्याहून वाईट म्हणजे तो संध्याकाळची वाट पाहू लागला होता. दिवसा सुनेत्रा जेमतेम बोले. संध्याकाळी तिच्या गालांवर रंग चढे. निरोपाचा दगड घेऊन तो तिच्या शेजारी गाडी हाकत होता आणि मनाशी म्हणत होता, घर येऊ दे. दिवा लागला की सांगून टाकू.

घर आलं ते धुरात. इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर त्या साली सिंगापुरावर बसला होता. लोक तोंडाला मास्क लावून फिरत होते, शाळा एखादा दिवस बंद ठेवत होते, आणि संध्याकाळी सातला, जेव्हा तिथे बारा महिने दिवेलागण होते, सूर्य समोरच्या ब्लॉकमागे वाळवंटातल्यासारखा तांबडा होऊन उतरे. खिडक्या बंद. हवा चिकट.

पहिल्या संध्याकाळी सुनेत्रा दमले म्हणून झोपली. दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने घर लख्ख केलं, अरुणाच्या हातची असायची तशी शेपूची भाजी केली, फोनचा चार्जर सापडत नाही म्हणाली, आणि सात वाजता देवापाशी जाऊन परत आली. काडेपेटी सादळलीय, म्हणाली. खालच्या दुकानातून उद्या नवी आणू. मग ती बॉम्ब शेल्टरच्या अर्ध्या दाराशी जमिनीवर बसली आणि गायली:

परतून आले बाई, माझ्या घराच्या दारात

आतून, सुटकेसांच्या मागून, जातं जिथे होतं तिथून, उत्तर आलं. आवाज तोच, पण हसू त्यातून निघून गेलं होतं. नुसती खरखर उरली होती, कोरडी पानं पायाखाली यावीत तशी.

पाण्याविना गं उभी, मी कोरड्या वाऱ्यात

सुनेत्राने उठून एक तांब्या भरला आणि दाराशी ठेवला. निशिकांत ते बघत राहिला. पंचवीस वर्षांत तो पहिल्यांदा आपल्याच घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला होता.

सकाळी तांब्या कोरडा होता. तळाशी तांबड्या मातीचं एक बारीक कडं उरलं होतं.

त्या दिवशी गार्गीचा फोन आला. तिला मावशीचं कळलं होतं. बाबांनी गप्प राहायला सांगितलं म्हणून ती गप्प होती आणि आता तिच्याच्याने होत नव्हतं. “बाबा, यू मस्ट टेल हर, लाह,” ती सिंगापुरी इंग्रजीत, रडत म्हणाली. “आई मला कधी माफ करणार नाही.” निशिकांतने तिला आज नक्की, असा शब्द दिला. पण फोन ठेवल्यावर त्याच्या मनात आलं ते वेगळंच. आज सांगितलं तर उद्यापासून ती दुसरी ओळ येणार नाही. सुनेत्राकडून ती काढून घ्यायची कशी, आणि कुणी? आणि नाही काढून घेतली तर सुनेत्रा अशी रोज त्या दाराशी बसणार, आणि दाराआडची ती रोज अधिक कोरडी होत जाणार. दोघींपैकी कुणालाच पुढे जाता येणार नव्हतं.

दुपारी जेवताना त्याने भाजीत मीठ घ्यायला बरणी उघडली. सिंगापुरात मीठ कधी सुटं राहत नाही. सुनेत्रा त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवते, तरी चमच्याने फोडावं लागतं. आज चमचा लावण्याआधीच मीठ झरझर ओघळलं, वाळूसारखं. दोरीवरचे कपडे तासाभरात कडक झाले होते. उघड्या राहिलेल्या डब्यातले तळलेले पापड, जे एका रात्रीत मऊ पडायचे, ते अजून कुरकुरीत होते. बाहेर हवा चिकट, आणि या घरात मात्र वाळवंट बसलं होतं.

मग काडेपेटी सादळली कशी?

तो प्रश्न पोटात घेऊन तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. सात वाजता सुनेत्रा देवापाशी गेली आणि परत यायला वळली. तो आडवा उभा राहिला. कोनाड्यातली जुनी काडेपेटी त्याने उचलली, एक काडी ओढली. पहिल्याच ओढीला ती भर्रकन पेटली.

दोघं त्या ज्योतीकडे बघत राहिले. त्याला कळलं की ती दिवा का लावत नव्हती. आणि त्याला कळलं, हे तिलाही कळलं.

काडी त्याच्या बोटापर्यंत आली तरी त्याने ती टाकली नाही. सुनेत्राने हात पुढे केला आणि त्याच्या बोटांमधून ती काढून घेतली, समईच्या वातीला लावली. वात तेलात किती दिवस नुसती पडून होती. ती तडतडली, मग शांत झाली. समई उचलून सुनेत्रा बॉम्ब शेल्टरपाशी गेली आणि अर्ध्या दारासमोर, उंबऱ्यावर ती ठेवली. निशिकांत तिच्या मागे जाऊन खाली बसला. आतला अंधार श्वास धरून ऐकत असल्यासारखा होता.

त्याने घसा साफ केला. सांगायचं वाक्य त्याने वाळवंटात शंभर वेळा जुळवलं होतं. तिने मान न वळवता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, थांबा म्हणून, आणि हळू आवाजात ओळ टाकली:

तिन्हीसांजेचा गं दिवा, उंबऱ्यात ठेवू दे

दोघं थांबले. आत काहीतरी सरकलं, दगडावर दगड टेकावा तसं. एक खरखर आली, ओळ सुरू करू बघणारी, आणि शब्दाला पाणी न मिळाल्यासारखी अडकली. पुन्हा आली. पुन्हा अडकली. निशिकांतला ते ऐकवेना. सुनेत्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचे ओठ हलत होते. थोरली थांबली की धाकटीने काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ गेल्यावर तिने स्वतःच, चुकत, सूर सोडत, आयुष्यात पहिल्यांदा दुसरी ओळ म्हटली:

अडली माझी ताई, तिला वाटेनं जाऊ दे

समईची ज्योत आतल्या बाजूला झुकली आणि परत सरळ झाली. अंधार आता नुसता अंधार होता. त्यात सुटकेसा होत्या, तांदळाची गोणी होती, आणि एक छोटं जातं.

निशिकांत बोलू लागला, सुनेत्रा, मला तुला एक...

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही ताईला शब्द दिला असणार, तो तुम्ही पाळलात. मीच दिवा लावत नव्हते. तुम्ही त्या दुपारी डोक्यावरून पाणी घेतलंत ना, लाल दिवा लागेपर्यंत, मला तेव्हाच कळलं होतं. मी मुद्दाम ऐकून घेतलं नाही. ऐकलं असतं तर मलाही पाणी घ्यावं लागलं असतं.” ती उठली, न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला, आणि पाण्याच्या आवाजावर त्याला नीट ऐकू यावं इतक्या मोठ्याने म्हणाली, “माझी ताई गेली.”